पुरातलं ऑइल

"खरं सांगा," एवढं बोलल्याशिवाय वहिनींनी कुणाला इंजिन ऑइलचा डबा दिलेला मी पाहिला नाही. गिऱ्हाईक पायरी चढेपर्यंत त्या कपाळावरचा चष्मा नाकावर घ्यायच्या, त्याच्या खांद्यावरून रस्त्यावर उभ्या गाडीकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "खरं सांगा, गाडी हीच का?" जणू तो माणूस दुसऱ्याच्या गाडीत ओतायला ऑइल नेणार होता.

महाडला नाक्याच्या अलीकडे त्यांचं दुकान होतं. तुम्ही कधी त्या बाजूनं गेला असाल तर पाहिलंही असेल. ऑइल, फिल्टर, पट्टे, वायपर, आणि मध्ये स्टुलावर त्या. माहेर-सासर दोन्ही वरंधकडचं. त्याच जागेत आधी त्यांच्या नवऱ्याचं गॅरेज होतं. एकदा कुणीतरी त्यांच्या गळ्यात बनावट ऑइलचे डबे मारले, ते ऑइल एका जीपमध्ये पडलं आणि पर्यटकांनी भरलेली ती जीप हिरकणीवाडीच्या चढावर जाम झाली. डबे कुणी विकले हे कुणी विचारलं नाही. गॅरेजवाला लबाड, एवढंच गावभर झालं. गॅरेज बसलं आणि काही वर्षांत ते गृहस्थही गेले.

"त्यांचं नाव एका डब्यानं घालवलं," वहिनी सांगायच्या. "माझं नाय जाऊ द्यायची मी."

म्हणून त्या सगळ्यांवर संशय घेत. कंपनीचा माणूस माल उतरवून गेला की प्रत्येक डब्याचं सील नखानं तपासत. रिकामा डबा कुणाला देत नसत; आधी त्याला स्क्रू ड्रायव्हरनं भोक पाडत, मग भंगारात टाकत. "चांगला डबा भंगारवाल्याकडं गेला की तो परत भरून येतो," असं त्यांचं म्हणणं. गॅरेजवाल्यांना हे फार लागायचं. त्यांच्याकडून रिकामा डबा परत मागून घेण्याइतकी वहिनींची मजल होती.

संशयाच्या बाबतीत मीही काही कमी नव्हतो. अख्खी नोकरी जमीन मोजणीच्या खात्यात गेली. पोलादपूरपासून शिवथरपर्यंत एकही माणूस मला असा भेटला नाही ज्यानं शेजाऱ्याचा बांध कोरला नाही, किंवा शेजाऱ्यानं आपला कोरला असं सांगितलं नाही. सगळेच खोटं बोलतात असं धरून चाललं की मोजणी बरोबर येते. त्यामुळे वहिनी मला प्रथम दिसल्या तेव्हा वाटलं, एवढी काळजी दाखवणाऱ्या बाईच्या दुकानात नक्की कुठेतरी पाणी मुरत असणार.

पुराच्या वर्षी तर मी मुद्दाम बघायला गेलो होतो. सावित्रीचं पाणी दुकानात माळ्यापर्यंत चढलं होतं. पाणी ओसरल्यावर चिखलातून डबे निघाले, सीलबंद, पुसले तर नव्यासारखे. आजूबाजूचे दुकानदार पुसतच होते. वहिनींनी पदर खोचला आणि एकेका डब्याला भोक पाडून ऑइल पिंपात ओतायला लागल्या.

"वहिनी, सील शाबूत आहेत की," मी म्हणालो.

"तुमाला शाबूत दिसतात. आत काय गेलं ते इंजिनाला कळंल. मग मी कुणाला तोंड दाखवू?"

सगळे डबे संपेपर्यंत मी तिथे उभा होतो. पिंपातलं ऑइल त्यांनी बिजागऱ्यांना आणि रहाटाच्या आसांना घाला म्हणून वाटून टाकलं. हे मी स्वतः पाहिलं, एवढं तुम्ही लक्षात ठेवा.

पुढे माझ्या मुलानं मुंबईत नवी गाडी घेतली आणि जुनी मला दिली. टर्बो पेट्रोल, एक लिटरची. ऑइल बदलायची वेळ आली तशी मी ऐटीत दुकानासमोर लावली. शेजारच्या सीटवर आमची मंडळी होती.

"खरं सांगा," वहिनी म्हणाल्या, "सिलिंडर किती?"

"तीन."

"इंजिनाचा पट्टा बाहेर हाय का ऑइलमध्ये भिजतो?"

मला काय ठाऊक? त्यांनी गाडीतलं पुस्तक मागून घेतलं, बोट ठेवून वाचलं, आणि मान हलवली. ती मान हलवणं मला आवडलं नाही.

"नऊशे नव्याण्णव सीसी, तीन सिलिंडर, आणि जोर मोठ्या इंजिनाचा पायजे. हा जादा जोर आणायचा कुठनं? टर्बोतनं. टर्बो म्हंजे सायलेन्सरकडं जाणाऱ्या वाफाऱ्यावर फिरनारा पंखा. मिनिटाला लाखाच्या वर फेरे. त्याला आधार कशाचा, तर ऑइलच्या पातळ थराचा. आणि तुमच्या इंजिनात पट्टापन त्याच ऑइलमध्ये. म्हंजे ऑइल बिघडलं की पट्टा गेला, पट्ट्याचे कण जाळीत अडकले की ऑइल वर चढत नाय, आणि पयला मरतो तो टर्बो."

"गाडी चांगली आहे हो," मी म्हणालो.

"चांगलीच हाय. पळते झकास. पन तिला खोटं चालत नाय." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत, "रोज किती फिरते?"

खरं उत्तर असं होतं की गाडी सकाळी बाजारात जायची, दोन किलोमीटर, आणि परत यायची. मग मी ती पुसून वर कापड घालायचो. पण त्यांची नजर अशी होती की मला माझ्याच मोजणीत पकडल्यासारखं झालं. मी म्हणालो, "दर आठवड्याला पुण्याला जातो. वरंध घाटातून."

त्या उठल्या, बाहेर येऊन चाकांच्या वरची बाजू बोटानं चाचपली. "घाटाचा चिखल नाय कुठं."

"धुतो मी."

"बरं. लांब जात असाल तर वर्षानं बदला. पन नुसती बाजारात फिरत असंल तर सहा महिन्यांच्या वर ऑइल ठेवू नका. इंजिन तापत नाय, पेट्रोल खाली ऑइलमध्ये उतरतं, पट्टा फुगतो. आणि ऑइल मोजायच्या पट्टीला पेट्रोलचा वास आला तर थांबूच नका."

परत येताना बायको म्हणाली, "पुण्याला कधी गेलो आपण?" मी रेडिओ लावला.

दुसऱ्या एका दिवशी मी तिथेच उभा असताना रायगडाहून उतरलेली एक टर्बो गाडी येऊन थांबली आणि ड्रायव्हरनं लगेच चावी काढली. वहिनी स्टुलावरून ओरडल्या, "चालू कर रे परत. आत्ता पळून आलीय ती, मिनिटभर दम खाऊ दे." तो बिचारा गाडी चालू ठेवून बसला आणि वहिनी घड्याळात बघत उभ्या. मिनिट झाल्यावर त्यांनी त्याला, "हां, आता सांग काय पायजे," असं विचारलं. मी हसलो. तेव्हाच जाऊन खरं सांगायला हवं होतं, पण आता सांगायचं म्हणजे खोटं बोललो हेही सांगायचं. मी वहिनींकडून नेलेलं ते ऑइल गाडीत दीड वर्ष ठेवलं.

मग भोरला एक लग्न निघालं आणि गाडी खरोखरच वरंध घाट चढली. अर्ध्या घाटात ऑइलचा लाल दिवा लागला. मला वाटलं सेन्सर असेल. दोन वळणांनंतर मागे निळा धूर, शिट्टीसारखा आवाज, आणि गाडी थंड. ती टेम्पोवर घालून महाडला आणली. मेस्त्री म्हणाला, टर्बो गेला, बाकी उघडल्यावर कळेल. पण हातात कामं आहेत, वेळ लागेल.

नाक्यावर चहाला बसलो तर सगळ्यांनी एकच विचारलं, ऑइल कुठलं होतं? मी वहिनींचं नाव सांगितलं. पण एवढं सांगून थांबलो असतो तर मी हे लिहायला बसलो नसतो. कुणीतरी म्हणालं, "एवढी सील तपासते बाई, आणि असं?" आणि मी म्हणालो, "पुरातले डबे असतील. पुसून ठेवलेले."

का म्हणालो, विचारू नका. राग होता, लाज होती, आणि गोष्ट चांगली जमत होती. वहिनींच्या नवऱ्याच्या वेळची ती जीप लोकांच्या लक्षात होतीच. घरातलंच आहे ते, असं म्हणत त्यांनी माझी गोष्ट पुढे नेली. आधीच भोकं पाडण्यावरून चिडलेल्या गॅरेजवाल्यांना तेवढं पुरलं.

दोन महिन्यांनी मेस्त्रीनं इंजिन उघडलं आणि मला बोलावलं. इंजिनाखालच्या चेंबरमधली जाळी त्यानं माझ्यापुढे धरली. ती काळ्या रबरी कणांनी गच्च भरली होती. पट्टा कडेनं कुरतडल्यासारखा झाला होता. त्यानं ऑइल माझ्या नाकाशी आणलं. पेट्रोलचा वास.

"ऑइल चांगलं होतं, भाऊसाहेब," तो म्हणाला. "लय जुनं झालं. गाडी नुसती बाजारात फिरवलीत ना?"

त्या दिवशीच मी दुकानात जायला हवं होतं. मी महिना घालवला. गेलो तेव्हा शटर खाली होतं. शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं सांगितलं, वहिनींनी दुकान सोडलं, गिऱ्हाईकच येईना. मी एसटीनं वरंधला गेलो.

त्या ओटीवर वालाच्या शेंगा सोलत होत्या. मला बसायला चटई दिली, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं, पुणं, दीड वर्ष, जाळी, आणि नाक्यावर काय बोललो तेही. त्या शेंगा सोलतच राहिल्या. मध्ये एकदा विचारलं, "जाळी पूर्ण भरली होती?" मी हो म्हणालो. "मग टर्बो वाचायचा नव्हता," त्या म्हणाल्या.

"वहिनी, माझी चूक झाली. तुम्ही पुरातलं ऑइल ओतून टाकलंत, मी बघत होतो."

"मला कशाला सांगता, भाऊसाहेब? मला ठाऊक हाय ते." त्यांचा आवाज चढला नाही. त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. "ज्यांना सांगितलंत त्यांना सांगा."

मी त्याच दिवशी नाक्यावर आलो. सगळे होते. मी उभ्यानंच सांगितलं, ऑइल चांगलं होतं, पुरातलं नव्हतं, ते मी रचलं, चूक माझी होती. मेस्त्रीकडून आणलेले रबराचे कण कागदाच्या पुडीत होते, ते टेबलावर उघडून ठेवले.

पुडी या हातातून त्या हातात फिरली. एकानं ती हुंगली. दुसरा म्हणाला, "हे कुठल्याबी गाडीचं असंल."

"वरंधला जाऊन आलात म्हणं," तिसरा म्हणाला. "वहिनींनी इंजिनाचा खर्च भरून द्यायचं कबूल केलं वाटतं?"

सगळे हसले. मी आईची शपथ घेतली. मेस्त्रीला विचारा म्हणालो. कुणीतरी माझ्यासाठी चहा सांगितला आणि बोलणं रस्त्याच्या कामावर गेलं.

त्यानंतर मी प्रत्येकाला वेगवेगळं गाठून सांगितलं. प्रत्येकानं मान हलवून ऐकून घेतलं आणि प्रत्येकानं विचारलं, आता हे का सांगताय, तुमचा त्यात काय फायदा, त्या बाईंनी पाठवलंय का. वहिनी वरंधहून परत आल्या नाहीत. त्यांच्या जागेत आता मोबाइलची कव्हरं मिळतात. पुरातल्या डब्यांची गोष्ट मी पहिल्यांदा सांगितली तेव्हा मात्र यांतल्या एकानंही मला काही विचारलं नव्हतं.