बोक्याची शिंक

ज्याच्या तोंडात स्वतःचा एकही दात उरलेला नाही, अशा माणसाने रोज दुपारी चारच्या ठोक्याला दातांच्या डॉक्टरकडे येऊन बसावं, याला काय म्हणायचं? माझे पेशंट काही म्हणत नसत, पण मी मनातल्या मनात बरंच म्हणत असे. हाकलायचं तरी कसं? खुडबुडकाका म्हणजे माझ्या सख्ख्या मावशीचे यजमान. कवळीसुद्धा मीच बसवलेली, आणि तीही ते खिशात घेऊन फिरायचे.

काका हयातभर एका कार्टून स्टुडिओत आवाज काढायच्या कामाला होते. सात-सात मिनिटांची ती जुनी कार्टून्स. चित्रं दुसऱ्यांची, संगीत वाजवणारे दुसरे. पण उंदीर धावला की बोटांतली बाटल्यांची टोपणं, बोका घसरला की फुग्यावर ओलं बोट, भिंत कोसळली की डब्यातले वाळके वाटाणे, हे सगळं काकांचं. घरातही तेच. मावशीची एक कढई जागेवर सापडायची नाही. "माझ्या अख्ख्या संसाराला बडवून बडवून पोचे पाडले यांनी," असं ती येईल त्याला सांगायची आणि मग स्वतःच हसत सुटायची.

एकदा ती डबा द्यायला स्टुडिओत गेली. आचारी बोक्याच्या नाकात मिरपूड जाते, तो शिंकतो आणि ताटांची चळत कोसळते, असा प्रसंग चालला होता. काकांना तीन दिवस मनासारखी शिंक मिळत नव्हती. इकडे मावशीला सडकून सर्दी. तिची शिंक आमच्या सगळ्या गोतावळ्यात प्रसिद्ध: आधी दोन हुलकावण्या, मग स्फोट, शेवटी किटलीसारखी बारीक शिट्टी, आणि त्यावर लगेच "अगं बाई!" हे सगळं माइक चालू असताना बाहेर पडलं. दिग्दर्शक खुर्चीवरून उडालेच. हीच ठेवा म्हणाले, फक्त ते "अगं बाई" कापा. पण कापणाऱ्याचा हात जरा उशिरा पडला आणि शिट्टीच्या मागे एक "अगं" राहून गेला.

मावशी आठ दिवस काकांशी बोलली नाही. "बोक्याच्या तोंडी माझी शिंक! चारचौघांत तोंड कसं दाखवू?" पुढे थिएटरात पोरं त्या शिंकेला पोट धरधरून हसायची, तेव्हा मात्र बाईसाहेब मान ताठ करून बसायच्या.

ती जाऊन सहा वर्षं झाली. घरात तिचे फोटो ढीगभर, पण आवाज कुठेच नाही. जगभरचे आवाज गोळा करणाऱ्या या माणसाला बायकोचा आवाज टिपून ठेवायचं काही सुचलं नाही. उरला तो बोक्यामागचा "अगं", तेवढाच.

ती जुनी कार्टून्स एक चॅनेल दुपारी दाखवायचं. पोरं रडू नयेत म्हणून मी ते वेटिंग रूममधल्या टीव्हीवर घेतलं होतं. काकांच्या घरी ते चॅनेल दिसत नसे आणि बोका कधी लागेल याचा नेम नसायचा, म्हणून काका रोज यायचे. शिंकेची गोष्ट मला तोंडपाठ होती, तरी हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही. मी आपली कुरकुरत राहिले.

मग एका दुपारी बोका लागला. काका पुढे सरकून बसले. मिरपूड उडाली, आणि बोका शिंकला: "फ्याक्!" कोरडी, कुठल्याशा यंत्रातून काढलेली शिंक. चॅनेलवाल्यांनी चित्रं धुऊनपुसून चकचकीत केली होती आणि आवाज नव्याने भरले होते. काकांनी उठून टीव्हीला कान लावला. ताटं कोसळली, कार्टून संपलं, जाहिरात सुरू झाली, तरी कान तिथेच.

"काका, काय झालं?"

"तिला काढली गं," ते म्हणाले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी चॅनेलला पत्रं लिहिली, फोनवर भांडले. उत्तर आलं की मूळ आवाज खराब झाले होते, टाकून दिले. नेटवरही तीच चकचकीत प्रत. स्टुडिओ तर केव्हाच बंद पडलेला.

"मग तुम्हीच काढा ना ती शिंक," मी म्हटलं. "तुम्हाला काय अवघड आहे?"

काका हट्टाला पेटले. पंधरा दिवस सायकलचा पंप, शेकायची रबरी पिशवी आणि किटलीची शिट्टी यांच्याशी त्यांची झटापट चालली होती. एका रविवारी त्यांनी मला बोलावून घेतलं आणि डोळे मिटायला लावले. दोन हुलकावण्या, स्फोट, शिट्टी. मावशी आत ओट्यापाशी उभी आहे, असंच वाटलं. मग आम्ही दोघंही थांबलो. पुढचा "अगं" यायचा होता. तो कुठून येणार?

काकांनी पंप कॉटखाली सरकवला.

"जमली. पण परत नाही वाजवायची. सारखी हीच ऐकली, तर तिची कशी होती ते विसरेन मी." मग म्हणाले, "मला शिंक नकोय गं. ती हवीये."

दुसऱ्या दिवशी मी टीव्हीचा आवाज बंद करून टाकला. ते "फ्याक्" मला ऐकवेना. वाटलं, आता काका यायचे नाहीत. चार वाजता आले, काखेत पत्र्याचा डबा. स्टुलावर चमचे, टोपणं, वाटाणे मांडले आणि मुक्या कार्टूनला आवाज द्यायला बसले. थंडीने उंदराचे दात वाजायला लागले, तेव्हा त्यांनी खिशातून कवळी काढून हातात वाजवली. भोकाड पसरलेली पोरंही गप्प झाली. आत जबडा उघडून पडलेला माझा पेशंट उठून बघायला लागला.

असा महिना गेला आणि बोका लागला. मी पेशंटला चूळ भरायला सांगून दारात आले. बोक्याने मान मागे टाकली. काकांचे हात मांडीवर होते. बोका शिंकला, त्याची टोपी उडाली, मिशा थरथरल्या. खोलीत काहीच वाजलं नाही. काका नुसते कान देऊन बसले होते. ताटं कोसळायला लागली तसे त्यांनी चमचे उचलले.

"आजोबा, शिंक राहिली," दाढ धरून बसलेली एक चिमुरडी म्हणाली.

"ती मी नाही काढत. शिंकणारी आज आली नाही."

"मग उद्या येईल?"

काका चमचे पुसून डब्यात भरत होते.

"म्हणून तर मी रोज येतो," ते म्हणाले.