पाच सेकंद वाढवून

नांदेडला पोलीस भरतीची तयारी करताना आम्ही दोघी एका खोलीत राहायचो. मी कंधारकडची, शेतकऱ्याची पोर. ती किनवटच्या डोंगरातली, गोंडाची, माझ्याहून लहान. तिच्याकडे जातपडताळणीचं प्रमाणपत्र होतं आणि दम असा, की मैदानावर तिला कधी धाप लागलेली मी पाहिली नाही. माझ्याकडे वयाची शेवटची संधी होती, बस.

जळायचे मी तिच्यावर, स्पष्टच सांगते. तिला राखीव जागा म्हणून जळायचे, पळते म्हणून जळायचे, पडल्या पडल्या झोप लागते म्हणूनही जळायचे. "तुला काय बाई, तुझी जागा धरून ठेवलेली हाय," असं रोज टोचायचे. ती नुसती हसायची. त्या हसण्याचाही राग यायचा.

आठशे मीटरची वेळ आम्ही एकमेकींची लावायचो. घड्याळ एकच, माझं. ती माझी वेळ खरी सांगायची. मी तिच्या वेळेत पाच सेकंद मिळवून सांगायचे. वाटलं, खचेल. कसलं काय, ती रोज जास्तीच्या दोन फेऱ्या मारायला लागली. मी लिंबाखाली शेंगदाणे खात बसायचे.

यादी लागली. तिला इतके गुण पडले, की राखीव जागेची गरजच पडली नाही; मुलींच्या खुल्या यादीतली शेवटची जागा तिला मिळाली. प्रतीक्षा यादीत पहिलं नाव माझं. करायला गेले गणपती अन् झाला मारुती. त्या यादीतून पुढं कुणालाच बोलावलं नाही.

लातूरकडे तिचं प्रशिक्षण संपलं, तेव्हा शेवटच्या परेडला तिनं आईसोबत मलाही बोलावलं. न जाणं बरं दिसलं नसतं. खाकी तिला शोभत होती. मेली, सगळंच शोभत होतं.

परेड सुटल्यावर ती प्रमाणपत्र घेऊन आमच्याकडं आली.

"ताई, तुमच्या घड्याळात माझा टाइम पाचेक सेकंद जास्ती यायचा. इथं कवायतीच्या उस्तादानं पयल्यांदा पळवलं, तवा कळलं."

"हाव, बिघडलंच होतं ते," मी म्हणाले.

"माझ्या हातात तर बरोबर चालायचं, ताई."

तेच हसू. मग टोपी काढून तिनं माझ्या हातात दिली आणि आईच्या पाया पडायला वाकली. मला मान वर करवेना. तरी देवाशपथ सांगते, ती टोपी एकदा डोक्यावर घालून बघावीशी वाटली.