धरणी का हलते ते सांगणाऱ्या बाई

हिंगोलीकडच्या गोरेगावजवळच्या आमच्या शाळेतल्या भूगोलाच्या बाईंइतकं मनापासून "शी" म्हणणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. कोणी न समजता धडा घडाघडा म्हणून दाखवला, की त्यांचं तोंड कडू व्हायचं. "शी. उष्टं कशाला वाढतेस मला? तुला काय समजलं ते सांग."

भूपट्ट शिकवायला त्यांनी घरून दोन गोधड्या आणल्या. एक मी ढकलली, दुसरी समोरून मैत्रिणीनं. मध्ये घडी उभी राहिली. "हा हिमालय. आपली जमीन अजून उत्तरेला सरकून राहिली. तो ताण इथवर येतो. जिथं खडक कच्चा, तिथं तुटतो."

त्याच वर्षी किल्लारीचा भूकंप झाला. बाई आठवडाभर तिकडे मदतीला गेल्या. परत आल्यावर कितीतरी दिवस तासाच्या मध्येच उठून हात धुवायच्या.

मग मुख्याध्यापकांनी एका महाराजांना शाळेत बोलावलं. मैदानात बसलेल्या आम्हा पोरांना महाराज म्हणाले, "धरणी काहून हलली? काही लोकांनी देव सोडले म्हणून." बोट बौद्ध वस्तीकडे होतं. बाई त्याच वस्तीतल्या.

त्या उभ्या राहिल्या. "मी ढिगाऱ्यातून लेकरं उचलली, महाराज. त्यांनी कोणता देव सोडला होता? असं बोलायची किळस कशी येत न्हाई तुमाला?"

मुख्याध्यापकांनी सगळ्यांसमोर त्यांना बाहेर जायला सांगितलं. त्या फाटकाकडे निघाल्या. महाराज हसले आणि टाळ्या वाजवायला म्हणाले. आम्ही वाजवल्या. महिनाभरात बाईंची हिंगोलीला बदली झाली.

पुढे मीही भूगोलच शिकवायला लागले. हिंगोलीत बाईंकडे जायची, चहा प्यायची, खडकांबद्दल बोलायची. टाळ्यांचा विषय कधी काढला नाही. काही वर्षांनी बाई वारल्या. शोकसभेला तेच मुख्याध्यापक पांढऱ्याशुभ्र कपड्यांत उभे राहिले. "बाई म्हणजे विज्ञाननिष्ठा. मी कायम त्यांच्या पाठीशी उभा राहिलो."

मी उठले. "सर, तुम्ही त्यांना मैदानातून हाकललं होतं."

"जुनं काहून उकरून राहिली, पोरी?"

"आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा. बाईंना हे मी शेवटपर्यंत सांगितलं नाही."

माझ्याशेजारी बाईंची धाकटी बहीण बसली होती. तिनं माझा हात धरून मला खाली बसवलं.

"तिला ठाऊक होतं," ती हळूच म्हणाली. "फाटकापाशी तिनं वळून पाह्यलं होतं."