वेणीखालचे टाके

विणकामाच्या माझ्या पहिल्या पुस्तिकेसाठी एक जुना नमुना लिहून काढायचा होता, म्हणून लहानपणीचा हिरवा स्वेटर ट्रंकेतून काढला. डांबराच्या गोळ्यांचा वास आला आणि मी थेट बुलढाण्याहून लोणारला निघालेल्या एसटीत जाऊन बसले, मायच्या शेजारी.

थंडीची सकाळ होती. पुढच्या सीटवरच्या अनोळखी बाईच्या स्वेटरवर पाठभर पानांची वेल होती. माय शाळेत गेली नव्हती, पण टाके तिला वाचता येत. पिशवीतून सुया काढून ती त्या पाठीवरून तिथंच नमुना उतरवू लागली. मधोमध मात्र बाईची जाड वेणी लोंबत होती.

माझा स्वेटर विणून झाला तेव्हा मी तोंड फुगवलं. "मधली पानं बाकीच्यांसारखी नाईत. चुकलं तुह्यं."

"वेणीखालचं मले दिसलंच नाई वं," माय हसली. "तेवढं मनानंच घातलं."

तो स्वेटर मी शाळेत कधीच घातला नाही. काऊन, म्हणून मायनं एकदाही विचारलं नाही.

आज टाके मोजत मी मधोमध आले आणि बोट थांबलं. कडेची वेल पुष्कळ स्वेटरांवर दिसते. पण एकमेकांकडे मान वळवून बसलेली ही दोन पानं मी दुसरीकडे कुठंच पाहिली नाहीत.

पुस्तिकेत तेवढीच घेतली. खाली मायचं नाव घातलं. माय आता नाही. असती तरी नाव तिला वाचता आलं नसतं. पानं मात्र तिनं लगेच ओळखली असती.