थांब्याची बोटं

लोक त्याला थांबा म्हणत. बसथांब्यातला थांबा. हे नाव ठेवलं ढोल्याने, म्हणजे त्याच्या ड्रमवाल्या दोस्ताने. ढोल्या स्वतः अंगाने काडी, पण ड्रम बडवायचा म्हणून ढोल्या. दोघं एका हॉटेलच्या जेवणघरात जॅझ वाजवायला लागले तेव्हा समोर काटेचमचे खणखणत असत, आणि हा गिटारवाला दोन सूर वाजवून गप्प बसे. ढोल्या एकदा वैतागून म्हणाला, "अरे, दर चौकात थांबायला तू काय बस आहेस?" नाव चिकटलं ते चिकटलंच.

पण त्याची सगळी कला त्या थांबण्यातच होती. दुसरे गिटारवाले तार छेडायची प्लास्टिकची पिक घेऊन सुरांचा नुसता सडा घालत. हा अंगठ्याने तार छेडायचा, बंद दारामागून कुणी हळू बोलावं तशी. कॉर्डमध्ये एकदम वाजायच्या सुरांपैकी निम्मे गाळायचा. "खालचा सूर बेसवाला वाजवतोय ना? मग मी कशाला त्याच्या पोटावर पाय देऊ?" म्हणायचा. ठेका पडून गेल्यावर जरासा उशिरा यायचा. तेवढ्या वेळात ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला. हळूहळू हॉटेल सुटलं, मोठे हॉल आले, रेकॉर्ड निघाल्या, गावोगावचे गिटार शिकणारे त्याची नक्कल करू लागले. घरी थोरली बहीण होती. आईवडिलांमागे लाँड्रीत इस्त्री करून तिनेच त्याला वाढवलेलं. लग्न दोघांनीही केलं नाही. ताई म्हणायची, "एक गिटार सांभाळताना नाकी नऊ येतात, त्यात आणखी भावजय कुठे आणू?"

चाळिशी उलटली आणि एका संध्याकाळी, संथ चालीच्या मधोमध, त्याच्या डाव्या हाताची करंगळी आत वळली. तार दाबायला उचलली, तर तळव्यात जाऊन बसली, गोगलगाय शंखात जावी तशी. दुखलं काहीच नाही. सूर मात्र आलाच नाही. समोरच्या लोकांनी डोळे मिटून मान डोलावली.

महिन्याभरात शेजारचं बोटही तिच्या मागे गेलं. ज्या जागा त्याने मुद्दाम मोकळ्या ठेवल्या होत्या त्यांच्या शेजारी आता न ठेवलेल्या जागा पडू लागल्या, आणि ऐकणाऱ्याला फरक कळेना. एका समीक्षकाने पेपरात लिहिलं की याचं मौन आता अधिक गहिरं झालंय. थांब्याने तो पेपर चुरगाळला आणि सकाळभर गिटार घेऊन बसला. रोज बसला. बोटाला आइस्क्रीमची काडी बांधून पाहिली, गरम पाण्यात हात बुडवून पाहिला, बोटांची कातडी फुटेपर्यंत तीच चाल घोटली. जितकं घोटावं तितकी बोटं अधिकच आवळत.

ढोल्याला सांगितलं तर तो हसला. "उगाच मनात घेतोस. इतकं छान तू कधी वाजवलंच नव्हतंस."

"अरे, ते मी वाजवत नाहीये!" थांबा ओरडला. "ते आपोआप होतंय!"

शेवटी ताईने त्याला ओढतच डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी एकेक बोट हलवून पाहिलं, सुया टोचल्या, मग ताईने सोबत आणलेली गिटार त्याच्या हातात देऊन वाजवायला लावलं. बोटं लगेच मिटली.

"हात ठणठणीत आहे," त्या म्हणाल्या. "मेंदूत या दोन बोटांची सरमिसळ झालीय. एकाला हाक मारली की दोन्ही धावतात. फार रियाज करणाऱ्यांना होतं असं."

"मग आणखी रियाज करू?"

"अजिबात नको. त्यानेच वाढेल."

आयुष्यात थांब्याला एकच औषध माहीत होतं, आणि विष म्हणून बाईंनी त्यावरच बोट ठेवलं होतं.

कार्यक्रम मात्र ठरलेले होते. एका मोठ्या हॉलमध्ये त्याच्या वादनाचं रेकॉर्डिंग होणार होतं. ताई म्हणाली, "नाही म्हण रे." तो म्हणाला, "नाही म्हटलं तर मी कोण उरतो?" ताई त्याच्या शर्टाला इस्त्री करत राहिली.

हॉल खचाखच भरला. दुसऱ्याच चालीत दोन्ही बोटं मिटली ती उघडेचनात. ढोल्या तारांच्या ब्रशने ड्रमवर हलकेच ठेका धरून वाट पाहत राहिला. बेसवाला तेच चार सूर फिरवत राहिला. थांबा मूठ उघडायचा प्रयत्न करत होता, घामाने डोळे चुरचुरत होते, आणि हॉलमधले लोक पुढे झुकून ऐकत होते. मग कुणीतरी टाळी वाजवली. पाठोपाठ सगळ्यांनी. लोक उभे राहिले.

"टाळ्या वाजवू नका!" तो माइकमध्ये किंचाळला. "हात गेलाय माझा! कळत नाही का तुम्हाला? हात गेलाय!"

काही जण हसले, त्यांना तोही खेळाचाच भाग वाटला. ढोल्याच्या हातातला ब्रश मात्र खाली पडला. तो उठला, थांब्याच्या मांडीवरची गिटार काढून घेतली आणि त्याला दंडाला धरून आत नेलं. विंगेत ताई उभी होती. लहानपणी पडल्यावर रडायचा तसा तो तिच्या खांद्यावर रडला.

त्यानंतर हिवाळाभर तो खोलीतून फारसा बाहेर आला नाही. रेडिओवर गिटार लागली की ताई धावत जाऊन बंद करायची. ढोल्या दर रविवारी दुपारी यायचा, दाराबाहेर खुर्ची टाकून बसायचा, हवापाण्याचं बोलून जायचा. एकदा चाचरत म्हणाला, "नवा गिटारवाला घेतलाय आम्ही." आतून आवाज आला, "बरा आहे का?"

"चांगला आहे. तुझ्यासारखा थांबतो."

"त्याला सांग, थांबू नको म्हणावं. बोटं चालतायत तोवर वाजव."

उन्हाळ्यात त्याने तारा उलट्या क्रमाने लावल्या. आता उजव्या हाताने दाबायच्या, डाव्या अंगठ्याने छेडायच्या. हाही हात तसाच जाऊ शकतो, डॉक्टरीणबाईंनी बजावून ठेवलंय, म्हणून रोज थोडाच वेळ. नवशिक्या पोरासारखी तार कर्कश वाजते, कॉर्ड अर्धवट बसते. परवा त्याने ढोल्याला पहिल्यांदा आत घेतलं आणि एक सोपी चाल वाजवून दाखवली.

"कसं होतं?"

ढोल्याने खाली मान घातली. "वाईट."

"ठीक. पण हे मीच वाजवलं," थांबा म्हणाला आणि पुन्हा तार लावू लागला.