दुसरा ढोल

सिंगापूरच्या बिशान भागातल्या आमच्या मराठी मंडळींच्या गणपतीचे ढोल माझ्या कंटेनरमधून आले होते. तरी दोन हजार चार-पाचच्या सुमारास, पुण्याहून नुकताच आलेला एक मॅनेजर सगळ्यांसमोर मला म्हणाला, "काका, तुम्ही वाजवताना फार पुढे पळता. जरा मागे उभे राहा." मी ढोल खाली ठेवला आणि घरी गेलो. मालवाहतुकीच्या धंद्यात मी हमालीपासून वर आलोय. हे मला लागलं.

पुढे चिनी नववर्षाच्या मिरवणुकीसाठी ब्राझीलचं एक सांबा पथक आलं. त्यांचं सामान माझ्याच गोदामात उतरलं. मुक्कामाच्या जागी सरावाला बसले की शेजारचे लोक तक्रार करत, म्हणून पथकाची प्रमुख, गळ्यात शिट्टी अडकवलेली एक ठेंगणी बाई, माझं गोदाम मागायला आली. मी म्हटलं, घ्या, पण मिरवणुकीत पहिला मोठा ढोल माझा. तो मॅनेजर बघायला येणार, हे मला ठाऊक होतं.

ती म्हणाली, आमचा एक वादक आजारी आहे, पण तो दुसरा ढोल वाजवतो. मी अडून बसलो. तिने माणसांना सामान उचलायला सांगितलं. गिऱ्हाईक दारापर्यंत जातं आणि वळतं, हे मी आयुष्यभर पाहिलंय. ती वळली नाही. मलाच हाक मारावी लागली.

दुसऱ्या ढोलाचं काम विचित्र. पहिल्याने ठोका टाकायचा, दुसऱ्याने उत्तर द्यायचं आणि गप्प राहायचं. मी लवकर मारला की शिट्टी वाजे आणि अख्खं पथक थांबे.

"अंकल," ती म्हणाली. हा शब्द तिने इथल्या टॅक्सीवाल्यांकडून उचलला होता. "त्याने विचारायच्या आत उत्तर कसलं देता?"

राग आला, पण कुतूहलही वाटलं. रस्त्यावरच्या गर्दीत हे जमतं कसं, मी विचारलं. तिने सांगितलं, आमच्याकडे रेलिंग नसतं. ढोल निघाले की गल्लीच मागे चालू लागते, म्हातारे, भाजीवाल्या, कडेवर पोरं घेतलेल्या बायका. कुणी धक्का देतं, कुणी गालाला चमकी फासतं. हाताचा भरवसा नाही, म्हणून गप्प असताना ऐकायचं.

मग मीही ऐकू लागलो. मधल्या जागेत बरंच काही होतं. चाळणीत वाळू हलवावी तसे खुळखुळे, लहान ढोलांची कुजबुज, नाचणाऱ्यांच्या टाचा.

मिरवणुकीत रेलिंगपाशी तो मॅनेजर दिसलाच. कॅमेरा उंचावून ओरडला, "काका, इकडे बघा!" हात शिवशिवले. त्याच्या कानठळ्या बसतील असा ठोका द्यावासा वाटला. पण पहिला ढोल अजून वाजला नव्हता. मी थांबलो. तो वाजला, मी उत्तर दिलं. वळून पाहिलं तेव्हा मॅनेजर मागे राहिला होता.

मी पुढे पळतो हे मला आजही मान्य नाही. पुढच्या गणपतीला मात्र पहिला ढोल मी त्याच्या गळ्यात अडकवला आणि दुसरा घेऊन समोर उभा राहिलो.

"काका, हे काय?" तो गोंधळला.

"आता तू विचार," मी म्हणालो. "बघू तरी काय विचारतोस."