लाल दोऱ्याच्या भेंड्या

भेंडीचा संकर करायचा म्हणजे उद्या उमलणारी कळी संध्याकाळीच हेरायची, नखानं अलगद तिचे पुंकेसर काढायचे, कागदी पिशवी चढवायची आणि सकाळी दुसऱ्या वाणाच्या फुलाचा पराग तिला लावायचा. मग खुणेसाठी देठाला लाल दोरा. ते फळ झाडावरच वाळू द्यायचं, कारण आपल्याला भाजी नको असते, बी हवं असतं.

सत्तरच्या दशकात नागपूरजवळच्या एका सरकारी फार्मवर मी हे करत होते. आमच्या साहेबांना ती थेरं वाटत. "भेंडीचं बी कोण विकत घेतं? एक खरीप देतो. बी निघालं नाही तर त्या वाफ्यात वांगी, आणि तुम्ही कोठारात लेबलं लिहायला." मी मान डोलावली नाही. छप्पन सालच्या दीक्षेनंतर आमच्या घरात ती सवयच उरली नव्हती.

भादव्यात एका सकाळी वाफ्यात गेले, तर दोऱ्यांची सगळी फळं गायब. तोडणीच्या म्हातारीला विचारलं.

"मले वाटलं, लाल दोरा म्हणजे साहेबाच्या घरची. जून होत्या, पण दोरा तुमचाच होता ना. काल देऊन आली. काहून बाई, चुकलं का माह्यं?"

तिचं काय चुकलं? चांगलं ते आधी साहेबांच्या घरी, ही फार्मची रीतच होती.

दुपारी साहेब स्वतःच कुरकुरले, "काल भेंडी काय पाठवली हो? चावता चावेना."

"ते माझं बियाणं होतं, साहेब."

ते वळून चालायला लागले. "मग आता वांगीच."

"खरीप अजून संपलेला नाही," मी म्हणाले. रागानं आवाज कापत होता. कापू दिला.

झाडांच्या शेंड्यांना थोड्या कळ्या उरल्या होत्या. म्हातारीला शेजारी बसवून शिकवलं. जन्मभर भेंडी तोडलेली तिची बोटं माझ्यापेक्षा हलकी चालत. दोरा तिनंच बदलायला लावला. "काळा बांधा, बाई. नजरेच्या दोऱ्याले कोणी हात लावत नाही." खरंच कुणी लावला नाही. सात फळं वाळली.

उन्हाळ्यात त्या बियांची एक ओळ उभी राहिली. अगदी बुडापासून फळ धरलं. म्हातारीची टोपली त्या ओळीतच भरायची. बाहेरगावचे पाहुणे आले तेव्हा साहेब ओळीपुढे छाती काढून म्हणाले, "हा आमचा संकर."

"हो," मी म्हणाले, "याची थोरली भावंडं साहेबांनीच खाल्ली."

पाहुणे हसले, साहेब नाही. मला वाटलं, गेला आता वाफा. वांगी त्या पावसाळ्यात लागली खरी, पण साहेबांच्या बंगल्यामागे.